वळणावरची मांड

ज्या घरांत वाढत्या वयाचे तरुण आहेत, त्या घरांत अलीकडे एक वाद हमखास होतो. पुढें ओणवून बसावयाची, खालच्या हँडलाची, उंच शेपटीची स्पोर्ट्स मोटारसायकल तरुणांस हवी असते, आणि वडीलधाऱ्या मंडळींस तिचें नांवही नको असतें. शर्यतींतील स्वार वळणावर गाडी जवळजवळ आडवी करतो, आसनावरून अर्धा बाहेर येतो आणि त्याचा गुडघा रस्त्यास घासत जातो. तें चित्र पाहून आजी डोळे मिटते. नातू तेंच चित्र आपल्या खोलींत भिंतीवर लावतो. गंमत अशी, कीं एका बाबतींत दोघांचेंही एकमत असतें. हें सारें धाडसाचें काम आहे, असें दोघेही धरून चालतात. एकाला त्या धाडसाची भीति वाटते, दुसऱ्याला भुरळ पडते, एवढाच काय तो फरक.

मला वाटतें, हा समजच मुळांत तपासून पाहिला पाहिजे. मी स्वतः आयुष्यभर सायकलीखेरीज दुसरें वाहन चालविलें नाहीं. परंतु तीस वर्षें संस्कृताबरोबर त्रिकोणमितीही शिकविली, आणि वळणावरील स्वाराचा प्रश्न पुष्कळसा त्या शास्त्राचाच आहे. उरलेला भाग नातवानें मोटारसायकल अंगणांत स्टँडवर उभी करून, तिच्यावर बसून मला दाखविला. त्या दोहोंच्या आधारें हा विषय घरांतील थोरामोठ्यांसमोर मांडीत आहें.

प्रथम गाडी झुकते कां, तें पाहूं. दोरीला दगड बांधून गरगर फिरविला म्हणजे तो बाहेर ओढ घेतो, हें प्रत्येकानें लहानपणीं अनुभविलें आहे. वळणावर दुचाकीचेंही तसेंच होतें. बाहेर लोटणारी ही केंद्रोत्सारी ओढ आणि खालीं खेंचणारें वजन, या दोहोंचा तोल साधावयाचा तर गाडी व स्वार यांनीं वळणाच्या आंतल्या बाजूस झुकलेंच पाहिजे. किती झुकावें, हें स्वाराच्या मर्जीवर नसतें. वेगाचा वर्ग करून त्यास वळणाच्या त्रिज्येनें व गुरुत्वाच्या ९.८ या अंकानें भागिलें, म्हणजे झुकण्याच्या कोनाची स्पर्शज्या मिळते.

एक उदाहरण घेऊं. वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशीं ५४ किलोमीटर वेगानें, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, गेल्यास सुमारें २५ अंश झुकावें लागतें. तेंच वळण ताशीं ७२ किलोमीटरनें घेतल्यास कोन ३९ अंशांवर जातो, आणि ९० किलोमीटरला ५२ अंशांवर. वेग ५४ चा ७२ झाला, म्हणजे एकतृतीयांशानें वाढला. पण टायरवरील आडवा भार पावणेदोन पटींहून अधिक झाला. वेगाचा वर्ग होतो, ही गोष्ट तरुणांच्या लक्षांत सहसा राहत नाहीं. वर्गांत ती पाठ असते, रस्त्यावर तिचा विसर पडतो.

आतां गाडी झुकते कशी, हा दुसरा प्रश्न. पुष्कळांस वाटतें, कीं डावीकडे वळावयाचें तर हँडल डावीकडे फिरवावें. चालतांना हातांत धरलेल्या सायकलीपुरतें तें खरें. वेगांत असलेल्या दुचाकीचा न्याय उलटा आहे. डावीकडे वळावयाचें असतां डाव्या हातानें हँडलाचें डावें टोंक किंचित् पुढें दाबावें लागतें. त्यामुळें चाक क्षणभर उजवीकडे वळतें, गाडी डावीकडे कलते, आणि मग वळण डावीकडे घडतें. प्रत्येक सायकलस्वार हें नकळत करीत असतो. पुढें १९०३ सालीं विमान उडविणारे राइटबंधु मूळचे अमेरिकेंतील डेटन येथील सायकलींचे दुकानदार. त्यांपैकीं विल्बर राइट यानें अनेक सायकलस्वारांस विचारून पाहिलें, कीं तुम्ही डावीकडे कसे वळतां. पण जें रोज आपण करतों तें पुरतेपणीं एकालाही सांगतां आलें नाहीं. शरीराला येतें आणि बुद्धीला माहीत नसतें, अशी ही विद्या आहे. संकट आलें असतां मात्र बुद्धीला माहीत असलेलेंच उपयोगीं पडतें. गाडी वळणाबाहेर जाऊं लागली कीं घाबरलेला हात हँडल ओढतो. जाणत्याचा हात आंतलें टोंक शांतपणें दाबतो.

इतकें समजल्यावर मुख्य विषयाकडे येऊं. स्वार आसनावरून आंत कां सरकतो?

ही पद्धत फार जुनी नाहीं. १९५० नंतरच्या काळांत इंग्लंडचा जेफ ड्यूक जगज्जेता होता, तेव्हांचे स्वार गुडघे पेट्रोलच्या टाकीला चिकटवून, पाठ गाडीच्या रेषेंत ठेवून वळत. त्या रेखीवपणाचें तेव्हां कौतुक होई. फिनलंडचा यार्नो सारिनेन बर्फावरील शर्यती खेळून आलेला. तो शरीर व गुडघा वळणाच्या आंत काढूं लागला. १९७२ सालीं २५० सीसीच्या वर्गांत तो जगज्जेता झाला, आणि पुढच्याच वर्षीं इटलींतील मोंझा येथें शर्यतींत त्याचा अंत झाला. ती पद्धत सर्वत्र रूढ केली कॅलिफोर्नियाच्या केनी रॉबर्ट्सनें. मातीच्या मैदानावरील शर्यतींत वाढलेल्या या स्वारानें १९७८, १९७९ व १९८० अशीं लागोपाठ तीन वर्षें ५०० सीसीचें जगज्जेतेपद मिळविलें. गुडघा रस्त्यावर घासूं लागल्यावर त्यावर चिकटपट्टीचे थर गुंडाळण्याची युक्ति निघाली. पुढें त्याच जागीं पोशाखावर बसवावयाच्या प्लॅस्टिकच्या चकत्या आल्या. स्पेनच्या मार्क मार्केझनें २०१३ सालीं, विसाव्या वर्षीं, सर्वोच्च वर्गांतील आपल्या पहिल्याच हंगामांत जगज्जेतेपद पटकाविलें, तेव्हां गुडघ्याच्या जोडीला कोपरही जमिनीला लागत होतें. या शर्यतींत गाडी ६० अंशांहूनही अधिक झुकते.

या सरकण्यांतील हिशेब मी नातवाला कागदावर करून दाखविला, तो येथेंही देतों. गाडीचें वजन १८० किलो व स्वाराचें ७० किलो धरूं, एकूण २५०. स्वारानें आपला गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर आंत सरकविला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारें ४ सेंटिमीटर आंत येतो. तो जमिनीपासून सुमारें ६० सेंटिमीटर उंच असतो. यावरून कोन काढला तर तो ४ अंश येतो. म्हणजे ज्या वळणाला गाडी २५ अंश झुकली असती, तेथें ती २१ अंशच झुकते. एवढ्या ४ अंशांसाठीं हा सारा खटाटोप! पण शर्यतींत त्या ४ अंशांचें मोल मोठें आहे. गाडी तेवढी उभी राहते. फुटरेस्ट जमिनीला घासण्यास अवकाश राहतो. टायर अगदीं कडेवर जात नाहीं. आणि खड्डा-उंचवटा आला तर सस्पेन्शनला आपलें काम नीट करतां येतें.

येथेंच सर्वांत मोठी गैरसमजूत होते. शरीर आंत घेतल्यानें गाडीचा झोंक कमी होतो; टायरवरील आडवा भार मात्र यत्किंचितही कमी होत नाहीं. ताशीं ७२ किलोमीटरनें त्या वळणावर जाणाऱ्या गाडीच्या टायरला एकूण वजनाच्या ८२ शतांश इतकी आडवी पकड लागतेच. मग स्वार ताठ बसो, कीं गुडघा घासत जावो. चांगल्या, कोरड्या, स्वच्छ डांबरावर साधारण टायर एवढी पकड कशीबशी देईल. ओल्या रस्त्यावर ती बरीच घटते, आणि वाळूवर किंवा सांडलेल्या डिझेलवर तर विचारूंच नये. शर्यतींतील ६० अंशांना वजनाच्या दीडपटीच्या आसपास पकड लागते. ती तेथील खास रबराच्या, तापविलेल्या टायरांची व झाडलेल्या मार्गाची करामत आहे. घाटांतल्या रस्त्याकडून ती कोणीं मागूं नये.

म्हणून मी म्हणतों, शरीर सरकवून मिळालेले ते ४ अंश संसारांतल्या शिलकेसारखे मानावे. महिनाअखेर चार रुपये उरले म्हणून कोणी शहाणा गृहस्थ खर्च वाढवीत नाहीं; आजारपणासाठीं बाजूला ठेवतो. जो तरुण ती शिलक लागलीच वेगांत उधळतो, त्याच्यापाशीं वळणांत अचानक खडी दिसली असतां द्यावयास कांहींच उरत नाहीं.

आतां आसन कसें असावें, तें पायांपासून डोक्यापर्यंत पाहूं. येथें घोडेस्वारीचा आपला जुना शब्द फार उपयोगीं पडतो. तो शब्द म्हणजे मांड. घोड्यावर पक्का बसणारा स्वार लगामाला लोंबकळत नाहीं, तो मांड्यांनीं घोडा धरतो. मोटारसायकलीचाही सारा मंत्र याच एका शब्दांत आहे.

पाय फुटरेस्टवर चवड्यांनीं टेकावेत. तळव्याचा मधला भाग ठेवल्यास घोटा जखडतो आणि झोंकांत बोटें रस्त्याला लागतात. बाहेरच्या बाजूची मांडी व गुडघा टाकीला घट्ट रुतवावा. हीच खरी मांड. सारें शरीर तिच्यावर टांगलेलें असतें. वळणापूर्वीं बैठक आंतल्या बाजूस अर्धी सरकवावी, त्याहून अधिक नको. आणि ती टाकीपासून थोडी मागें असावी, नाहींतर कंबर फिरत नाहीं. मग पोटापासून वरचें शरीर किंचित् पुढें व आंत न्यावें. छाती टाकीच्या मध्यरेषेवरून सरकून आंतल्या हाताच्या मागें आली पाहिजे. आंतल्या बाजूचें कोपर सैल वांकलेलें असावें, बाहेरचा हात टाकीवर अलगद विसावलेला असावा. हनुवटी वळणाच्या दिशेस, आणि दृष्टि वळण जेथें संपतें तेथें. शरीर दृष्टीच्या मागोमाग जातें. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यांतच जातो, हा अनुभव सायकल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आहे.

या साऱ्याची कसोटी एकच, आणि ती सोपी आहे. वळणांत असतां बोटें हँडलावर पेटीच्या पट्ट्यांवर फिरवावीं तशीं सहज हलवितां आलीं पाहिजेत. तीं हलत नसतील, तर मांड सुटली आहे आणि स्वार हँडलाला लोंबकळतो आहे, असें समजावें. हँडलावर भार पडला कीं पुढच्या चाकाला आपला मार्ग सांपडत नाहीं. योगशास्त्रांत आसनाला स्थैर्य व सुख अशा दोन कसोट्या लावतात; त्या येथेंही जशाच्या तशा लागू पडतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. वळणापूर्वीं, गाडी सरळ असतांनाच, बैठक सरकवावी. ब्रेक लावतांना दोन्ही गुडघ्यांनीं टाकी धरावी, म्हणजे शरीराचें ओझें मनगटांवर येत नाहीं. ब्रेक व गियर यांचें काम वळणाच्या तोंडाशीं संपवावें. मग दृष्टि आंत, आंतल्या हाताचा दाब, आणि गाडी झुकली कीं उजव्या मुठीनें वेग अगदीं हळुवारपणें धरून ठेवावा, व वळण उलगडेल तसतसा वाढवावा. वळणाच्या मध्यांत आसन बदलणें, एकदम ब्रेक दाबणें किंवा मूठ झटकन् सोडणें, या तिन्ही गोष्टींनीं गाडीचा तोल ढळतो.

चुका बहुधा दोन प्रकारच्या. पहिली अशी, कीं बैठक आंत सरकते, पण छाती व डोकें भीतीनें बाहेरच राहतें. पाठीचा कणा धनुष्यासारखा उलटा वांकतो, आणि आंत नेलेलें वजन डोक्यानें पुन्हां बाहेर नेलें जातें. छायाचित्र मोठें रुबाबदार येतें. शिलक मात्र शून्य. दुसरी चूक गुडघ्याची. गुडघा जमिनीला लागणें हें मोजमाप आहे. आपण किती झुकलों याची ती फूटपट्टी आहे. फूटपट्टीला साध्य मानून जो गुडघा लांबवीत बसतो, त्याची मांड निश्चितपणें सुटते.

आतांपर्यंत सांगितलें तें मुख्यतः शर्यतीच्या बंदिस्त मार्गाविषयीं. तेथें सारे एकाच दिशेस जातात, समोरून एस. टी. येत नाहीं, आणि तेंच वळण दिवसांतून पन्नास वेळां येतें. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटाची गोष्ट वेगळी. तेथें वळणापलीकडे काय आहे, हें कोणालाच दिसत नाहीं. दरडीची माती, गुरें, बंद पडलेला ट्रक, कांहींही असूं शकतें. ताशीं ५४ किलोमीटरनें जाणाऱ्याला, धोका कळण्यास एक सेकंद धरला तर, सरळ रस्त्यावरही थांबावयास सुमारें ३४ मीटर लागतात. ७२ ला ५३ मीटर. झुकलेल्या गाडीला त्याहून अधिक. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यांत थांबतां येईल एवढाच वेग, हा घाटाचा पहिला नियम. आसनाच्या कोणत्याही कौशल्यानें त्यांत सवलत मिळत नाहीं.

दुसरा धोका आपल्या देशाच्या डाव्या बाजूनें चालण्याच्या नियमांतून येतो, आणि त्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. उजव्या वळणावर स्वार उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्यरेषेकडे झुकतो. ३५ अंश झुकलेल्या स्वाराचें डोकें चाकाच्या रेषेपासून पाऊण मीटर आंत असतें. शरीर सरकविलें असेल तर जवळजवळ एक मीटर. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाचा खांदा अशाच वळणावर मोडला. चाकाचा माग अगदीं आपल्या बाजूस, रेषेच्या आंत होता, हें त्यानें मला पुन्हां पुन्हां सांगितलें, आणि तें खरें होतें. पण खांदा रेषेपलीकडे होता, आणि समोरून येणाऱ्या टेम्पोचा आरसा रेषेलगतच होता. चाक आपल्या घरांत आणि डोकें परक्याच्या, अशी ती स्थिति. हेल्मेट होतें म्हणून मुलगा वांचला. तो आतां हिंडतो-फिरतो. पण उजवा हात खांद्यावर नेऊन सदरा घालणें त्याला अजून जड जातें, आणि त्याची आई तो सदरा रोज पुढें करते. म्हणून उजवें वळण नेहमीं आपल्या बाजूच्या डाव्या भागांतून, बाहेरून घ्यावें. पुढचा रस्ताही तेथूनच अधिक दिसतो.

रस्त्यावर मग शरीर मुळींच हलवूं नये काय? हलवावें, पण बेतानें. बैठक जागेवर ठेवून नुसती छाती व डोकें आंत नेलें, तरी शिलकेचा बराच भाग हातीं येतो, आणि पाय, मांड व दृष्टि यांचे नियम तर जसेच्या तसे लागू आहेत. गुडघा बाहेर काढण्याची रस्त्यावर कांहींच गरज नाहीं. ज्याला ती हौस फेडावयाची असेल, त्यानें मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईसारख्या किंवा कोइंबतुरच्या कारी मार्गासारख्या बंदिस्त जागीं, जाणत्या शिक्षकाच्या हाताखालीं ती फेडावी. २०२३ सालच्या सप्टेंबरांत ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मार्गावर जागतिक शर्यत झाली; ती इटलीच्या मार्को बेझेक्कीनें जिंकली. असे मार्ग आपल्या देशांत थोडे असले, तरी आहेत.

मागें बसणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मागचा माणूस भीतीनें वळणाच्या उलट कलला, तर स्वाराची सारी शिलक तो एकटाच खर्च करतो. त्यानें कांहीं विशेष करावयाचें नाहीं. स्वाराच्या आंतल्या खांद्यावरून पुढें पाहिलें, कीं शरीर आपोआप योग्य तेवढें कलतें. एका बाजूस पाय सोडून बसण्याची पद्धत या वाहनावर मुळींच नको. तेथें मांड नसते, नुसता आधार असतो. हेल्मेट दोघांनींही घालावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम तेंच सांगतें, आणि कायदा नसता तरी शहाणपणानें तेंच सांगितलें असतें. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना चाक अडकूं न देणारी एबीएस ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली. ती उपकारक आहे. परंतु साध्या एबीएसला गाडी किती झुकली आहे हें कळत नाहीं, म्हणून झोंकांत तिच्यावर विसंबूं नये.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति. नुसती बंदी घातलेल्या घरांतील गाडी मित्राच्या दारांत उभी राहते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्यापेक्षां मुलगा घाटांतून आला म्हणजे त्याला जवळ बसवून तीन प्रश्न विचारावेत. वळणांत तुझी दृष्टि कोठें होती? ब्रेक सुटला तेव्हां गाडी सरळ होती कीं झुकलेली? आणि आणखी दहा अंश झुकावें लागलें असतें, तर तेवढी जागा उरली होती काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें तो ऐटीनें देईल. तिसऱ्याशीं तो क्षणभर थांबेल. तेथें त्याला रागावूं नये. कागद व पेन्सिल पुढें करून वेग आणि त्रिज्या मांडावयास सांगावें, व कोन त्याचा त्यालाच काढूं द्यावा. आजीनेंही त्या वेळीं जवळ बसावें. आंकडे कळले नाहींत तरी चालेल, मुलगा खरें सांगतो कीं नाहीं हें तिला बरोबर कळतें.